मारुती ८०० चा क्रँक घरी बसवताना

गॅरेजमध्ये 'हाफ इंजिन' आणि 'फुल इंजिन' असे दोन शब्द चालतात. हाफमध्ये हेड उतरतं, रिंगा बदलतात, क्रँक, म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरवणारा इंजिनातला मुख्य दांडा, जागचा हलत नाही. फुल म्हणजे क्रँक बाहेर. घरी काम करणारे बरेच जण हाफपर्यंत येऊन थांबतात, कारण क्रँकची भीती वाटते. ती भीती निम्मी खरी आहे. क्रँक बसवायला ताकद लागत नाही, मोठी मशिनंही लागत नाहीत. पण सगळा खेळ ०.०३ मिमीच्या फटीचा असतो आणि ती फट डोळ्यांना दिसत नाही. ज्याला मोजायचा कंटाळा नाही, त्याने हे काम जरूर हातात घ्यावं.

इथे धरलंय ते मारुती ८०० आणि ओम्नीमधलं जुनं कार्बोरेटरचं एफ८बी इंजिन. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, ६८.५ मिमी बोअर, ७२ मिमी स्ट्रोक. क्रँक चार मेन बेअरिंगवर फिरतो, पिस्टनचे रॉड ज्यांवर बसतात त्या तीन क्रँक पिना एकमेकींपासून १२० अंशांवर. क्रँक लहान आहे, एका माणसाला सहज उचलता येतो, म्हणून शिकायला हे इंजिन फार चांगलं. पुढचे आकडे याच इंजिनाचे आहेत. बारा व्हॉल्वच्या एमपीएफआयला (कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनाला) ते लावू नका, त्याचं मॅन्युअल वेगळं घ्या.

आधी हत्यारांचं. ०.००१ मिमीपर्यंत वाचता येणारा २५ ते ५० मिमीचा मायक्रोमीटर, फीलर गेज (फटीत घालून मोजायच्या पातळ पट्ट्या), चुंबकी स्टँडसह डायल गेज, १० ते १०० न्यूटन-मीटरचा टॉर्क पाना आणि फट मोजायचं हिरव्या पाकिटातलं प्लास्टिगेज. साधा ०.०१ मिमीचा मायक्रोमीटर इथे अपुरा पडतो, कारण जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) किती लंबगोल चालेल याची मर्यादाच ०.०१ मिमी आहे. जेवढं मोजायचं तेवढीच मोजपट्टीची सर्वांत लहान रेघ असेल, तर ते मोजणं नव्हे. मायक्रोमीटर विकत घ्यायची गरज नाही. बहुतेक लेथवाले समोर मोजून देतात, फक्त आकडे स्वतः कागदावर उतरवून घ्या.

जागा बंदिस्त हवी. पंख्याखाली आणि रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे काम नको. टेबलावर धुतलेली जुनी चादर अंथरा, पुसायला धागे न सुटणारं सुती फडकं ठेवा. कॉटन वेस्टचे धागे शेलखाली, म्हणजे बेअरिंगच्या पातळ अर्धगोल पट्टीखाली, अडकतात. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिमी जाड असतो आणि शेल व जर्नलमधली फट असते ०.०२ ते ०.०४ मिमी. म्हणजे शेलमागे एक केस राहिला, तरी तेवढ्या जागी शेल पुढे येऊन क्रँकला टेकतो, तेलाचा थर तुटतो आणि बेअरिंग तिथून जळायला लागतं. कोकणात किंवा पावसाळ्यात कुठेही उघडं जर्नल एका रात्रीत तांबूस पडतं, तेव्हा काम अर्धवट सोडून उठायचं असेल तर क्रँकला तेल लावून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा.

क्रँक मोजताना प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी मोजायचं, मागे आणि पुढे, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना, एकमेकींशी काटकोनात. चार आकडे झाले. मागच्या-पुढच्यातला फरक म्हणजे निमुळतेपणा, काटकोनातला फरक म्हणजे लंबगोलपणा. दोन्हींना ०.०१ मिमी मर्यादा. मोजण्याआधी क्रँक आणि मायक्रोमीटर दोन-तीन तास एकाच खोलीत ठेवा. ५० मिमी जाडीचं लोखंड तापमान २० अंशांनी वाढलं की साधारण ०.०१ मिमीने फुगतं. विदर्भातल्या उन्हात अंगणात वाळवलेला क्रँक तसाच मोजला, तर झिजलेला क्रँकही पास होईल.

मग वाक पाहायचा. ब्लॉकमध्ये पहिल्या आणि चौथ्या बैठकीतच तेल लावून शेल ठेवा, मधल्या दोन रिकाम्या. क्रँक त्यावर ठेवा, डायल गेजचं टोक मधल्या जर्नलवर टेकवा, तेलाचं भोक चुकवून. सावकाश एक फेरी. काटा एकूण ०.०६ मिमीपेक्षा जास्त हलला तर क्रँक वाकडा आहे. हातोड्याने आणि तांब्याच्या ठोकळ्याने सरळ करून देणारे आहेत, पण ठोकून सरळ केलेल्या क्रँकला नेमकी वेबच्या (जर्नल आणि पिन जोडणाऱ्या जाड भागाच्या) कोपऱ्यात चीर पडायची भीती असते आणि ती वरून दिसत नाही. असा क्रँक बदललेलाच बरा.

नखाला लागणारा ओरखडा असेल किंवा माप मर्यादेबाहेर गेलं असेल, तर ग्राइंडिंग. ०.२५ मिमी कमी मापाचे शेल मिळतात, त्या मापाला क्रँक घासून आणायचा. लेथवाल्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. जर्नल जिथे वेबला मिळतं तिथली गोलाई तशीच राहिली पाहिजे. तिथे काटकोनी कोपरा झाला की क्रँक पुढे तिथूनच तुटतो. दुसरं, तेलाच्या भोकांच्या कडा मोडून, पॉलिश करून द्यायच्या. धारदार कड नव्या शेलवर चाकूसारखी फिरते.

ग्राइंडिंगहून आलेला क्रँक कितीही चकचकीत दिसो, तो घाणेरडाच समजा. सगळ्या कामात हाच टप्पा सर्वांत जास्त वेळा चुकतो. मेन जर्नलपासून क्रँक पिनेपर्यंत आतून तिरपी भोकं गेलेली असतात, त्यांतूनच बिग एंडला, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाला, तेल मिळतं. ग्राइंडिंगची भुकटी आणि तेल मिळून त्या भोकांत राखाडी चिकट लगदा बसतो. वरून फुंकर मारून तो निघत नाही. पाइप साफ करायचा बारीक तारेचा ब्रश रॉकेलमध्ये बुडवून प्रत्येक भोकातून आरपार काढा, दुसऱ्या टोकाने स्वच्छ रॉकेल येईपर्यंत. मग कॉम्प्रेसरची हवा, डोळ्यांवर चष्मा लावून. शेवटी पांढऱ्या कापडाची वात पिळून भोकातून ओढा. ती जशी आत गेली तशीच पांढरी बाहेर आली पाहिजे. ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटाही अशाच धुवायच्या. नवे शेल घालूनही दोन-तीनशे किलोमीटरमध्ये इंजिन पुन्हा ठोकायला लागलं, तर पहिला संशय या लगद्यावर घ्यावा.

आता कॅप, म्हणजे क्रँकला ब्लॉकवर धरून ठेवणारे बेअरिंगचे सुटे अर्धे भाग. मेन बेअरिंगच्या चार कॅप कारखान्यात ब्लॉकवर आवळून, मग एका सरळ रेषेत आरपार बोअर केलेल्या असतात. म्हणून प्रत्येक कॅप फक्त तिच्या जागेची आणि फक्त एका दिशेची. कॅपवर आकडा आणि बाण असतो. पहिली कॅप पुलीच्या बाजूला आणि सगळ्या बाणांची टोकं पुलीकडे. दोन आणि तीनची अदलाबदल झाली तर कॅप बसते, बोल्टही लागतात, पण भोक गोल राहत नाही आणि क्रँक घट्ट होतो. खूण पुसली असेल तर उतरवतानाच कॅपच्या एकाच कडेला पंचने एक, दोन, तीन, चार ठिपके मारा. बोल्टचे आटे वायर ब्रशने आणि ब्लॉकमधली भोकं हवेने साफ करा. भोकाच्या तळाशी तेल साचलेलं असेल तर बोल्ट खाली तेलावर टेकतो, पाना टॉर्क दाखवतो आणि कॅप सैलच राहते. जोर जास्त झाला तर ब्लॉकला चीरही जाते.

शेल बसवताना बैठक आणि शेलची पाठ पूर्ण कोरडी. पाठीला तेल लावायची सवय अनेकांना असते, ती सोडा. शेल पाठीमागून ब्लॉकला घट्ट चिकटून बसतो, तेव्हाच त्याची उष्णता ब्लॉकमध्ये जाते. मध्ये तेलाचा थर आला की तो नीट टेकत नाही. तेलाची चर आणि भोक असलेला शेल ब्लॉकमध्ये, साधा शेल कॅपमध्ये. उलट केलं तर त्या मेनचं तेल बंद आणि त्यावर अवलंबून असलेल्या बिग एंडचंही बंद. शेलचा छोटा कान खाचेत बसवा, मग अंगठ्याने दाबून दुसरं टोक खाली न्या. भोक भोकावर आलं का ते टॉर्च मारून पाहा. शेलची टोकं बैठकीच्या कडेपेक्षा किंचित वर राहतात. ती तशी हवीतच. कॅप आवळल्यावर दोन्ही शेल एकमेकांना दाबतात आणि जागेवर पकड बसते. ही टोकं कानस मारून सपाट केली की शेल बैठकीत फिरायला मोकळा.

शेलच्या कडेला रंगाचा ठिपका असेल तर पुसण्याआधी लिहून ठेवा. तो जाडीचा दर्जा सांगतो. 'स्टँडर्ड' लिहिलेले सगळे शेल एकाच जाडीचे असतील असं धरून चालू नका.

यानंतर फटीची परीक्षा, आणि ती कोरडी करायची. ब्लॉक उलटा, चारही शेल जागेवर, क्रँक अलगद सरळ खाली ठेवलेला. प्लास्टिगेज म्हणजे मेणासारखी बारीक काडी. शेलच्या रुंदीएवढा तुकडा कापून जर्नलवर लांबीच्या दिशेने ठेवा, तेलाच्या भोकापासून दूर. कॅप लावा आणि पूर्ण टॉर्क द्या. या काळात क्रँक तसूभरही फिरू द्यायचा नाही, फिरला तर काडी फासली जाते आणि माप खोटं येतं. कॅप काढली की काडी चपटी झालेली दिसेल. पाकिटावरची पट्टी शेजारी धरून रुंदी जुळवायची. जितकी रुंद तितकी फट कमी. हिरवी काडी ०.०२५ ते ०.०७६ मिमी दाखवते. मेनची चांगली फट ०.०२० ते ०.०४० मिमी, ०.०८ ला शेल बाद. पट्टीवरच्या सर्वांत रुंद खुणेपेक्षाही काडी किंचित रुंद झाली, तर फट ०.०२५ च्या खाली आहे. तेवढ्याने घाबरू नका, पण पुढची फिरवून पाहायची परीक्षा अधिक काळजीने घ्या. काडीची एक बाजू रुंद आणि दुसरी अरुंद असेल, तर जर्नल निमुळतं आहे किंवा शेलखाली काहीतरी आहे.

फट जास्त आली म्हणून शेलमागे पत्र्याची किंवा चांदीच्या कागदाची पट्टी घालणं, किंवा कॅपची तोंडं घासून ती खाली आणणं, हे दोन्ही करू नका. पहिल्यात शेलची पाठ सुटते. दुसऱ्यात भोक कायमचं अंडाकृती होतं आणि पुढच्या वेळी नवे शेल घालूनही ब्लॉक सुधारत नाही.

मापं पटली की काडी तेलाने मऊ करून फडक्याने पुसा. ब्लेडने खरवडायची नाही.

आता खरी बसवणी. शेलच्या आतल्या बाजूला आणि जर्नलवर भरपूर इंजिन ऑईल. थ्रस्टच्या, म्हणजे क्रँकचं पुढे-मागे सरकणं रोखणाऱ्या अर्धगोल पट्ट्या, ज्या मेनच्या दोन्ही कडांना ब्लॉकमध्ये त्यांच्यासाठी खाचा दिसतात तिथे. त्यांवरच्या तेलाच्या चरा क्रँकच्या वेबकडे, म्हणजे बाहेर तोंड करून. चरा ब्लॉककडे वळल्या तर गुळगुळीत पोलादी पाठ क्रँकला घासते आणि वेबचं तोंड खाते. चूक एका क्षणाची, पण क्रँक वाया. पट्टी क्रँक ठेवताना घसरत असेल तर तिच्या पाठीला अगदी थोडं ग्रीस चालतं.

कॅप लावा, आठही बोल्टच्या आट्यांना थेंबभर तेल, हाताने आवळा. मग लाकडी ठोकळ्याने क्रँक एकदा मागे आणि एकदा पुढे हलका ठोका, म्हणजे थ्रस्टच्या दोन्ही पट्ट्या एका रेषेत येतील. आता टॉर्क. मधल्या दोन कॅपपासून सुरुवात, मग टोकाच्या. पहिली फेरी १५, दुसरी ३०, शेवटची ४५ न्यूटन-मीटर. मर्यादा ४३ ते ४८ आहे. पान्यावर कोणतं मोजमाप लिहिलंय ते आधी पाहा. ४५ न्यूटन-मीटर म्हणजे ४.६ किलोग्रॅम-मीटर किंवा ३३ फूट-पाउंड. फूट-पाउंडच्या पान्यावर ४५ लावलं तर बोल्टवर ६१ न्यूटन-मीटर पडतात. बोल्ट तिथेच तुटेल असं नाही, पण तो ताणला गेला की त्याच्यावर पुन्हा भरवसा नाही.

प्रत्येक कॅप शेवटच्या टॉर्कला आली की क्रँक हाताने एक पूर्ण फेरी फिरवायचा. घाई असली तरी हे सोडू नका. पुढच्या टोकाला दोन बोटं आणि अंगठा लावून तो लोण्यातून जावा तसा फिरला पाहिजे. कुठेही अडखळणं नको, एका जागी जड आणि दुसऱ्या जागी हलका असंही नको. तिसरी कॅप आवळल्यावर जड झाला तर दोष तिसऱ्या कॅपशीच आहे, शोधत बसावं लागत नाही. ती सैल करा, शेल काढा, त्याच्या पाठीवर चकाकणारा ठिपका दिसतो का पाहा. कचऱ्याने शेल उचलला असेल तर तिथेच खूण उमटते. चारही कॅप आवळून मग फिरवून पाहणाऱ्याला मात्र सगळ्याच उघडाव्या लागतात.

मग पुढे-मागे होणारा खेळ. डायल गेज क्रँकच्या टोकाशी लावा, स्क्रूड्रायव्हरने वेब हलकेच एका बाजूला सरकवा, काटा शून्यावर आणा, दुसऱ्या बाजूला सरकवा. ०.१३ ते ०.२८ मिमी योग्य, ०.३५ ला थ्रस्ट पट्ट्या बदलायच्या. डायल गेज नसेल तर वेब आणि थ्रस्ट पट्टी यांच्यात फीलर घालूनही चालतं. खेळ शून्याच्या जवळ आला तर एखादी पट्टी खाचेबाहेर वाकडी बसली आहे. जादा खेळ बहुतेक वेळा क्लचमुळे होतो. क्लच दाबला की क्रँकवर लांबीच्या दिशेने जोर पडतो, आणि गाडी चालवताना पाय सतत पेडलवर टेकवून ठेवण्याची सवय थ्रस्ट पट्टी कुरतडत राहते.

पिस्टन आत घालताना रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा. बोल्टचं टोक पिनेला लागून पडलेला ओरखडा पुन्हा ग्राइंडिंगला नेतो. पिस्टनवरचा बाण पुलीकडे, रॉडची कॅप त्याच रॉडची. बिग एंडची फटही ०.०२० ते ०.०४० मिमी, मर्यादा ०.०८. नटांना २८ ते ३२ न्यूटन-मीटर, दोन टप्प्यांत. रॉड पिनेवर आडवा किती सरकतो ते फीलरने पाहा, ०.१० ते ०.२० मिमी हवं. इथेही तोच नियम, एक रॉड आवळला की एक फेरी. आता रिंगांमुळे क्रँक जड लागेल, पण जडपणा सगळीकडे सारखा असला पाहिजे.

पुढच्या आणि मागच्या ऑईल सीलच्या ओठाला तेल लावा, स्प्रिंगची बाजू इंजिनाच्या आत. जुन्या सीलने क्रँकवर चर पाडली असेल तर नवं सील एक-दीड मिमी पुढे किंवा मागे बसवा, ओठ नव्या जागेवर टेकतो आणि गळती थांबते. सिलिकॉनची रेघ बारीकच ओढा. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला लोंबतं, तुटतं आणि सम्पमधल्या (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यातल्या) जाळीवर जाऊन बसतं.

क्रँकच्या पुढच्या टोकाची चावी नीट पाहा. टायमिंग पुलीचा बोल्ट पूर्वी कधी सैल राहिला असेल तर चावीची खाच रुंद झालेली असते. पुली हाताने थोडी जरी मागेपुढे डोलली, तरी टायमिंग कधीच स्थिर राहणार नाही. चावी नवी घाला, खाचच खाल्ली असेल तर क्रँक बदला. वेल्डिंग भरून कानस मारलेली खाच जास्त दिवस टिकत नाही.

टायमिंगसाठी क्रँक पुलीची खूण ऑईल पंपाच्या अंगावरच्या बाणाशी आणि कॅम पुलीची खूण आतल्या कव्हरवरच्या खुणेशी. बेल्ट चढवून ताण दिला की क्रँक त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा आणि दोन्ही खुणा पुन्हा पाहा. दोनच का, तर क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो. एका फेरीनंतर क्रँकची खूण जुळते, कॅमची उलट्या बाजूला असते. ताण दिल्यावर एक दात सरकणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि ती या दोन फेऱ्यांत पकडली जाते.

फ्लायव्हील लावण्याआधी क्रँकचं मागचं तोंड आणि फ्लायव्हीलची बैठक पुसून घ्या. तिथे चिकटलेला रंगाचा किंवा गंजाचा कण फ्लायव्हील तिरकं करतो आणि क्लच सोडताना गाडी थरथरते.

पहिल्या स्टार्टआधी तेल वर आलेलं असलं पाहिजे. ऑईल पंप बसवतानाच त्यात तेल ओता, फिल्टर निम्मा भरून लावा. स्पार्क प्लग काढून, कॉइलची वायर सोडून स्टार्टर पाच-पाच सेकंद फिरवा, मध्ये थोडी विश्रांती. डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा विझेपर्यंत प्लग लावायचे नाहीत. प्लगशिवाय कॉम्प्रेशन नसतं, म्हणून बेअरिंगवर ताण न पडता तेल पोचतं.

इंजिन चालू झाल्यावर खालून जड, खोल धडधड ऐकू आली आणि ती चढावर वाढली, तर मेन. ॲक्सिलरेटर सोडताना टकटक तीक्ष्ण झाली, तर बिग एंड. दोन्हीत इंजिन लगेच बंद करायचं, 'गरम झालं की जाईल' म्हणून थांबायचं नाही. आवाज नसेल तर एकाला क्लच दाबायला सांगून पुढून पुलीकडे पाहा. पुली डोळ्यांना सरकलेली दिसली तर थ्रस्टचा खेळ पुन्हा मोजा. पहिलं तेल ५०० किलोमीटरला काढा, पांढऱ्या कापडातून गाळा आणि कापड उन्हात धरा. बारीक काळसर भुकटी रिंगांची असते, ती चालते. चमकणारे पापुद्रे दिसले तर ते शेलचे आहेत, सम्प उघडा.